एकदाच पेटणारी मोटर : वेस्टार-६ आणि पलापा-बी२ यांचे प्रकरण

दिवाळीतला मातीचा भुईनळा पेटवण्याआधी उलटसुलट करून पाहायची सवय अनेकांना असते. आत दारू ठासलेली, वर बोटाच्या पेराएवढे तोंड. तोंडाची कड शाबूत असेल तर फुलोरा सरळ डोक्याच्या वर जातो. कड टवकलेली असेल, किंवा पेटल्यावर तोंडच फुटले, तर ठिणग्या आजूबाजूला पसरतात आणि उंची जाते ती जातेच. दारू तेवढीच असते, तशीच असते. तिचा जोर एका दिशेला लावायचे काम ते चिमूटभर तोंड करत असते.

फेब्रुवारी १९८४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर दोन उपग्रहांना वर नेणाऱ्या रॉकेट-मोटरचे तोंड असेच फुटले. तीन दिवसांच्या अंतराने, एकामागोमाग एक. घन इंधनाच्या मोटरवर विश्वास म्हणजे नेमका कशावर विश्वास, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

३ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर हे शटल, म्हणजे नासाचे पुन्हा वापरता येणारे अंतराळयान, फ्लोरिडातील केनेडी स्पेस सेंटरवरून निघाले. मोहिमेचे नाव एसटीएस-४१-बी, शटलचे दहावे उड्डाण. कमांडर व्हॅन्स ब्रँड, पायलट रॉबर्ट गिब्सन, आणि सोबत ब्रूस मॅककँडलेस, रोनाल्ड मॅकनेअर, रॉबर्ट स्टुअर्ट. मालाच्या कप्प्यात दोन दळणवळण उपग्रह होते. दोन्ही ह्यूज कंपनीचे, दोन्ही एचएस-३७६ या एकाच घडणीचे : दोन मीटरहून थोडे रुंद पिंप, बाहेरून सौर पेशींनी मढवलेले. एक वेस्टर्न युनियन या अमेरिकेतल्या जुन्या तार कंपनीचा वेस्टार-६, दुसरा इंडोनेशियाचा पलापा-बी२.

शटल कितीही मोठे असले तरी ते जमिनीपासून काहीशे किलोमीटरपर्यंतच जात असे. दळणवळण उपग्रहाला मात्र विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जाऊन बसायचे असते, म्हणजे त्याचा वेग पृथ्वीच्या फिरण्याशी जुळतो आणि जमिनीवरची डिश एकाच दिशेला रोखून ठेवता येते. शटलने बसस्टँडपर्यंत आणून सोडायचे आणि पुढचा घाट उपग्रहाने आपल्या बळावर चढायचा, असा तो हिशेब होता. घाट चढवणाऱ्या टप्प्याचे नाव पॅम-डी. तो मॅकडॉनेल डग्लसने बनवला होता आणि त्याच्या पोटात थायोकॉल कंपनीची स्टार-४८ ही घन मोटर होती. व्यास ४८ इंच, म्हणून नाव स्टार-४८. टायटॅनियमचे गोलसर कवच. आत सुमारे दोन टन इंधन : अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची भुकटी आणि हे सगळे बांधून ठेवणारे रबर. हे मिश्रण पातळ असताना कवचात ओततात आणि शिजवून घट्ट करतात. एकदा पेटले की सुमारे ८५ सेकंदांत सगळे संपते आणि तेवढ्यात उपग्रहाच्या वेगात सेकंदाला जवळपास २.४ किलोमीटरची भर पडते. मग उपग्रह लांबट अंडाकृती कक्षेत जातो, आणि तिच्या वरच्या टोकाला पोचला की त्याच्या स्वतःच्या पोटातली दुसरी, लहान घन मोटर पेटवून कक्षा गोल करतात.

या मोटरला ना सुकाणू, ना चालू-बंद करायची तोटी. दिशा राखायची तर तिला भोवऱ्यासारखे फिरवायचे. शटलच्या कप्प्यात उपग्रह एका फिरत्या पाटावर उभा असे आणि त्याच्याभोवती उन्हापासून वाचवणारे, शिंपल्यासारखे उघडणारे झाकण असे. झाकण उघडायचे, पाट मिनिटाला ५० फेऱ्यांपर्यंत न्यायचा, बांधून ठेवणारा पट्टा तोडायचा, आणि दाबलेल्या स्प्रिंगांनी उपग्रह चालण्याच्या वेगाने बाहेर ढकलायचा. मग शटल दूर सरके आणि आपले पोट त्याच्याकडे करून थांबे, कारण मोटरच्या झोतातल्या कणांनी खिडक्यांवर ओरखडे पडू नयेत. सुमारे पाऊण तासाने विषुववृत्त ओलांडताना घड्याळ मोटर पेटवी. तोवर सगळ्यांच्या हातातले संपलेले असे.

वेस्टार-६ उड्डाणानंतर सुमारे आठ तासांनी सोडला. फिरणे बरोबर, सुटणे बरोबर, मोटर पेटली तीही वेळेवर. आणि उपग्रह बेपत्ता झाला. जिथे असायला हवा होता तिथून त्याचा आवाज येईना. रडारने शोध घेतल्यावर तो सापडला, पण भलत्याच ठिकाणी : कक्षेचे वरचे टोक ३६ हजार किलोमीटरच्या जवळपास हवे होते, ते होते साधारण १,२०० किलोमीटरवर. या आकड्यांवरून उलटा हिशेब करता येतो. हव्या असलेल्या वेगवाढीचा जेमतेम दहावा भाग मिळाला होता. म्हणजे ८५ सेकंदांची मोटर पहिल्या पंधरा सेकंदांच्या आसपासच आटोपली.

आता खरा प्रश्न. कप्प्यात दुसरा उपग्रह होता. तोच नमुना, तोच पॅम-डी, तीच स्टार-४८.

पलापा हे नाव साधे नाही. चौदाव्या शतकात मजापहित साम्राज्याचा पंतप्रधान गजह मद याने शपथ घेतली होती की सगळी बेटे एक होईपर्यंत मी पलापा (एक मसाला, असे मानतात) चाखणार नाही. हजारो बेटांच्या देशाला दूरध्वनी आणि दूरदर्शनने जोडायला १९७६ मध्ये पहिला उपग्रह गेला तेव्हा त्याला त्या शपथेवरून नाव दिले. आपल्याकडे अशा प्रतिज्ञांचे काय मोल असते ते वेगळे सांगायला नको. त्यामुळे हा उपग्रह सोडायचा की नाही, हा इंडोनेशियासाठी निव्वळ यंत्राचा प्रश्न नव्हता.

पलापा-बी२ ठरल्या दिवशी सोडला नाही. दोन दिवस थांबून चर्चा झाली. त्या दोन दिवसांत टेबलावर काय होते ते पाहू. एका बाजूला पॅम-डीची आतापर्यंतची कामगिरी. शटलमधून पहिल्यांदा नोव्हेंबर १९८२ मध्ये एसबीएस-३ आणि अॅनिक-सी३ गेले, जून १९८३ मध्ये अॅनिक-सी२ आणि पलापा-बी१ गेले, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, याच चॅलेंजरमधून आपला इन्सॅट-१बी गेला. सगळ्या मोटर नीट जळल्या होत्या. दुसऱ्या बाजूला वेस्टारचे अपयश, ज्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. जळून गेलेली मोटर परत आणून उघडून बघता येत नाही. उपग्रह शटलमध्येच ठेवून परत आणायचा पर्याय होता, पण मग पुन्हा उड्डाण, पुन्हा वाट, पुन्हा खर्च. वेस्टारचे बिघडणे ही एकट्याची घटना असावी असे मानले गेले, इंडोनेशियाने होकार दिला आणि ६ फेब्रुवारीला पलापा-बी२ सोडला.

मोटर पेटली. आणि थोड्याच सेकंदांत विझली. दुसराही उपग्रह तशाच निरुपयोगी कक्षेत अडकला.

तपासात बोट ठेवले गेले ते नॉझलच्या, म्हणजे मोटरच्या तोंडाच्या, बाहेरच्या शंकूवर. त्या तोंडाच्या अरुंद घशातून अतितप्त वायू आवाजाच्या वेगाने बाहेर पडतात आणि शंकूत पसरत पसरत आणखी वेग घेतात. तो शंकू कार्बन-कार्बन या पदार्थाचा होता. म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे कापड थरावर थर बसवून, राळेत भिजवून, भट्टीत इतके तापवायचे की राळेचाही निव्वळ कार्बन उरतो. पहिल्या भाजणीत पोकळ्या राहतात. त्या भरायला पुन्हा राळ, पुन्हा भट्टी, असे वारंवार. पदार्थ हलका, आणि हजारो अंश तापमानातही टिकणारा. पण त्याची ताकद भट्टीतल्या धीरावर अवलंबून असते. कुठे घनता कमी राहिली, कुठे दोन थरांमध्ये पापुद्रा सुटला, तर वरून काहीच दिसत नाही. एकच शंकू, बाहेरून काळा, गुळगुळीत, चांगला. पेटल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो आतून एकदम तापतो, बाहेरून अजून गारच असतो, आणि तो ताण कमजोर थराला पेलत नाही. शंकू फुटला.

शंकू गेला की जोर एका रेषेत राहत नाही. नुकसान पुढे नॉझलच्या घशापर्यंत गेले तर आतला दाब कोसळतो. घन इंधन जळते ते दाबावर. दाब झपाट्याने उतरला की ज्योत स्वतःच मरते, आत टनावारी इंधन शिल्लक असले तरी. भुईनळ्याची गोष्ट इथे अक्षरशः लागू पडते.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. द्रव इंधनाचे इंजिन चाचणीमंचावर पेटवून, बंद करून, पुसून तेच रॉकेटला लावता येते. घन मोटरचे तसे नाही. ती पेटवून पाहिली की संपली. जी मोटर उपग्रहासोबत जाते ती त्याआधी कधीच जळलेली नसते. त्यामुळे आपण त्या मोटरवर विश्वास टाकत नसतो. तिच्या भावंडांवर टाकत असतो : त्याच साच्यातल्या, त्याच भट्टीतल्या, त्याच हातांनी बनवलेल्या, आधी जाळून पाहिलेल्या मोटरवर. यश आले की तो विश्वास भावंडांमध्ये वाटला जातो. मग अपयशही तसेच वाटले गेले पाहिजे. वेस्टारच्या मोटरचे कारण कळेपर्यंत पलापाच्या मोटरची जुनी पुण्याई हिशेबात धरायला नको होती. कुंभाराकडून आणलेल्या पेटीतला पहिला भुईनळा तोंडाशी फुटला तर दुसरा आपण लहान मुलाच्या हातात देत नाही. पेटीतले सगळे आधी उजेडात धरून पाहतो.

हे आज चाळीस वर्षांनी म्हणणे सोपे आहे, याची जाणीव मला आहे. त्या दोन दिवसांत टेबलाभोवती बसलेले लोक निष्काळजी नव्हते. त्यांच्यासमोर सलग यशाची यादी होती आणि बिघाडाचा एकही तुकडा हातात नव्हता. पण कारण न कळलेल्या अपयशाला ‘एकट्याची घटना’ हे नाव देणे म्हणजे माहितीची जागा आशेने भरणे. उपग्रह कप्प्यात बांधून परत आणायची सोय असलेले त्या काळातले एकमेव यान हाताशी होते, आणि तीच सोय वापरली गेली नाही. पलापा-बी२ परत आणायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

नॉझल हे घन मोटरचे नाजूक मर्म आहे हे त्याआधीच, एप्रिल १९८३ मध्ये, दिसले होते. शटलमधून सोडलेल्या टीडीआरएस-१ या नासाच्या उपग्रहाला वर नेणाऱ्या आययूएस या दोन टप्प्यांच्या घन रॉकेटमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या नॉझलच्या सांध्यातले तेल भरलेले सील निकामी झाले. बिघाड वेगळा, जागा तीच. तो उपग्रह स्वतःच्या चिमुकल्या थ्रस्टरवर, म्हणजे दिशा सावरणाऱ्या लहान इंजिनांवर, काही महिने रखडत रखडत आपल्या जागी पोचला. आणि हे सगळे जुने झाले असेही नाही. १८ मे २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी६१ या रॉकेटचा तिसरा टप्पा घन इंधनाचाच होता. तो जळत असताना मोटरच्या कवचातला दाब घसरला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. पीएसएलव्हीची यशाची परंपरा किती मोठी ते आपण जाणतोच. पण त्या दिवशी उडालेली मोटर त्याआधी कधी जळलेली नव्हती.

तर १९८४ कडे परत. दोन्ही उपग्रह स्वतः ठणठणीत होते. बिघडले ते त्यांना वर नेणारे वाहन. विमा कंपन्यांनी वेस्टारचे १०.५ कोटी आणि पलापाचे ७.५ कोटी डॉलर चुकते केले, आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही उपग्रह त्यांच्या मालकीचे झाले. अंतराळात भरकटलेल्या दोन पिंपांचे मालक विमावाले. मग त्यांनी विचार केला : शटल उपग्रह नेते, तर आणूही शकते.

यातली एक गोष्ट मनाला भिडते. ज्या मोहिमेत हे दोन उपग्रह हुकले, त्याच मोहिमेत ७ फेब्रुवारीला ब्रूस मॅककँडलेस पाठीवर एमएमयू हे थ्रस्टरचे आसन बांधून, कोणत्याही दोरीशिवाय, शटलपासून लांब तरंगत गेला होता. बिघाड आणि त्यावरचा उपाय एकाच यानातून, एकाच आठवड्यात जगासमोर आले.

जमिनीवरच्या नियंत्रकांनी आधी दोन्ही उपग्रहांच्या पोटातल्या दुसऱ्या मोटर जाळून संपवल्या, कारण भरलेली मोटर शटलमध्ये आणणे म्हणजे घरात सुतळी बॉम्ब आणणे. मग लहान थ्रस्टरनी दोन्ही उपग्रह शटलच्या टप्प्यात, सुमारे ३६० किलोमीटरवर उतरवले आणि त्यांचे गरगरणे मिनिटाला एक-दोन फेऱ्यांवर आणले. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी डिस्कव्हरी निघाले. कमांडर फ्रेडरिक हॉक, पायलट डेव्हिड वॉकर, सोबत जोसेफ अॅलन, डेल गार्डनर आणि यांत्रिक हात चालवायला अॅना फिशर.

या उपग्रहांना धरायला कुठेही कडी नव्हती. ते परत पकडायचे आहेत असा विचार बनवताना कोणी केलाच नव्हता. म्हणून एक लांब दांडा तयार केला. १२ नोव्हेंबरला अॅलन एमएमयूवर बसून पलापाच्या मागे गेला आणि तो दांडा त्याने जळून रिकाम्या झालेल्या मोटरच्या नॉझलमधून आत घातला. आत गेल्यावर दांड्याची बोटे उघडली आणि उपग्रह अडकला. एका घन मोटरच्या नॉझलने उपग्रह बुडवला होता, दुसऱ्या घन मोटरचे नॉझल आता त्याला धरायची मूठ झाले.

पुढची पायरी मात्र फसली. उपग्रहाच्या वरच्या टोकाला एक चौकट बसवायची, म्हणजे यांत्रिक हात ती पकडेल, असे ठरले होते. चौकट बसेना. अँटेनापाशी एक भाग काही मिलिमीटर जास्त पुढे आलेला होता, जो आराखड्यात तसा नव्हता. तेव्हा अॅलन कप्प्यात पाय रोवून उभा राहिला आणि जवळपास अर्ध्या टनाचा उपग्रह त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवला. पृथ्वीची एक पूर्ण प्रदक्षिणा होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड तास. अंतराळात वजन जाणवत नाही हे खरे, पण वस्तुमान असतेच. जरा धक्का लागला की ते पिंप हलू लागे आणि थांबवायला तेवढाच जोर लागे. खाली गार्डनर एकट्याने उपग्रह ठेवायच्या पाळण्यात बसणारे कडे त्याच्या बुडाला जोडत होता. दोन दिवसांनी वेस्टारच्या वेळी गार्डनरने दांडा घातला, आणि चौकट बाजूला ठेवून हातांनीच काम केले. काम उरकल्यावर गार्डनरने ‘विकणे आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी धरली, आणि तो फोटो जगभर छापून आला.

त्याच उड्डाणात डिस्कव्हरीने कॅनडाचा अॅनिक-डी२ सोडला होता, तोही पॅम-डीवरून. त्याआधी ऑगस्टच्या शेवटी डिस्कव्हरीच्या पहिल्या मोहिमेत आणखी दोन पॅम-डी गेले होते. तिन्ही मोटर पूर्ण जळल्या. शंकूंची तपासणी कडक झाली होती. कोणत्या शंकूला यानात चढू द्यायचे आणि कोणत्याला नाही, हे आता वरवरच्या पाहणीवर सोडलेले नव्हते.

१६ नोव्हेंबरला दोन्ही उपग्रह फ्लोरिडात उतरले आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहिले. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर कोसळले, त्यात रोनाल्ड मॅकनेअर गेला, आणि शटलमधून व्यापारी उपग्रह सोडायचे दिवसच संपले.

वेस्टार-६ हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीने घेतला. डागडुजी होऊन तो ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या शीचांगहून लाँग मार्च-३ रॉकेटवर गेला आणि एशियासॅट-१ झाला. पुढच्या वर्षी त्यावरून स्टार टीव्ही सुरू झाला, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही. ज्यांनी तो काळ मुंबई-पुण्यात पाहिला त्यांना इमारतीच्या गच्चीवरची ती मोठी जाळीची डिश आठवत असेल, गॅलऱ्यांतून लोंबणारी काळी वायर, आणि डिश अंशाअंशाने फिरवत खाली ‘आलं का?’ असे ओरडून विचारणारा केबलवाला. ती डिश ज्या ठिपक्याकडे रोखलेली असे, तो ठिपका आठ वर्षांपूर्वी एका फुटलेल्या शंकूमुळे वाया गेला असे समजले गेलेला, माणसांनी हातांनी पकडून आणलेला वेस्टार-६ होता. सतत फिरणारे ते पिंप बाराशे नव्हे, तर ३६ हजार किलोमीटरवर, जिथे त्याला पहिल्यांदाच पोचायचे होते तिथेच बसले होते.

पलापा-बी२ ची पाळी सहा दिवसांनी आली. इंडोनेशियाने तो पलापा-बी२आर या नावाने परत घेतला आणि १३ एप्रिल १९९० रोजी फ्लोरिडातील केप कॅनव्हेरलहून डेल्टा-२ रॉकेटवर पाठवला. त्या रॉकेटचा तिसरा टप्पा होता पॅम-डी, आणि त्यात स्टार-४८ कुळातलीच मोटर, स्टार-४८बी. ठरल्या वेळी ती पेटली, आणि या वेळी शेवटपर्यंत जळली.